मंडळीची हरकत नाही

आमच्या मंडळीतल्या एका वडिलांनी गुडघ्यांच्या कारणास्तव राजीनामा दिला, तिथून हे सगळं सुरू झालं. ज्यांना आमच्यातली भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधीच खुलासा करतो, कारण हा खुलासा योग्य माणसासमोर योग्य वेळी न केल्यामुळेच पुढचं रामायण घडलं. मंडळी म्हणजे चर्चची सभासद माणसं. वडील म्हणजे त्या मंडळीचा कारभार बघणारा, पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, हाताखालचा जबाबदार इसम. वडिलांना मुलंबाळं असलीच पाहिजेत असा नियम नाही. आमचे एक वडील अविवाहित आहेत आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

रविवारची उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला दारात गाठलं.

"रिकाम्या जागेसाठी तुमचं नाव पुढे आलंय."

"कोणी आणलं?"

"तसं कोणी आणलं नाही. मी घेतलं. पण कोणी नको म्हणालं नाही."

वर्तमानपत्राच्या कचेरीत एवढी वर्षं काढल्यावर एकमताने झालेल्या ठरावाची किंमत मला कळते. तरी मान ताठ झालीच.

"एक छोटी औपचारिकता आहे," पाळकसाहेब म्हणाले. "महिनाअखेरच्या रविवारी नेमणूक. त्या वेळी मी सगळ्यांसमोर विचारणार, रोज देवासाठी वेगळा वेळ काढता का? तुम्ही हो म्हणायचं. मग आम्ही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो आणि चहा."

"आणि काढत नसलो तर?"

पाळकसाहेब मोठ्याने हसले. "काढतच असाल की," असं म्हणून ते दुसऱ्या कोणाचं तरी नाव पुढे आणायला निघून गेले.

मी काढत नव्हतो. प्रार्थना करत नव्हतो असं नाही. जेवणाआधी करतो, जिना चढताना करतो, आणि महापौरांच्या फोटोखाली हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात लागली आहे हे पान छपाईला गेल्यावर लक्षात येतं, तेव्हा तर फार कळकळीने करतो. पण वेगळा वेळ, ज्यात दुसरं काहीच नाही, तो नाही. आमचा धंदाच मुळी वेळेचा. पान वेळेत सोडलं नाही तर छपाईवाला खालून फोन करून आईबापांची चौकशी करतो. देव फोन करत नाही. त्यामुळे तो आपोआप शेवटच्या पानावर जातो, आणि जाहिरात आली की तिथूनही निघतो.

घरी येऊन मी बायकोला बातमी दिली. तिने कौतुक केलं, मग विचारलं, "आणि त्या दिवशी काय सांगणार?"

"हो म्हणायचं असतं."

"म्हणा. मी पहिल्या बाकावर बसलेली असेन."

एवढंच बोलली. ती समोर बसलेली असताना खोटं बोलणं मला लग्नाच्या बोलण्यांपासून जमलेलं नाही. शिवाय दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढून मी पोट भरतो. माझ्याच तोंडून सगळ्या मंडळीसमोर एक चुकीची बातमी जाणार, हा विचार दातात अडकलेल्या तंतूसारखा टोचायला लागला. हो म्हणायचं तर ते खरं असलं पाहिजे, आणि खरं व्हायचं तर महिनाअखेरपर्यंत रोजचा वेळ बसवायला हवा होता. काम साधं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बाहेरच्या खोलीत सोफ्यासमोर गुडघे टेकले. डोळे मिटले. माणसाने डोळे मिटले की शांतता लाभते असं म्हणणाऱ्यांनी बहुधा उघड्या डोळ्यांनी लिहिलेलं असतं. माझे डोळे मिटले आणि नळाचा वायसर, विम्याचा हप्ता, मुलीची परीक्षा, दाढीचा संपलेला साबण असे सगळे जण रांगेत येऊन उभे राहिले. हे प्रभू, आम्हांला स्थिर मन दे, एवढं म्हणेपर्यंत माझा हात उशीचा सुटलेला दोरा ओढत होता. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांना ऐकू कमी येतं, दिसतं चांगलं.

"काय पडलं?"

"काही नाही. प्रार्थना करतोय."

"सोफ्याखाली गेलं असेल," त्या म्हणाल्या आणि मी अडवायच्या आत स्वतःही खाली बसल्या. मग त्यांना उठवायला बायको आणि मुलगी दोघींना यावं लागलं. काय हरवलं होतं हे त्या दुपारपर्यंत विचारत होत्या.

आतल्या खोलीत गेलो, तर तिथे मुलगी येरझारा घालत मोठ्याने पाठ करते. "तुम्ही बसा ना बाबा, मी हळू म्हणते," असं ती म्हणाली आणि खरंच हळू म्हणू लागली. पण हळू म्हटलेल्या वाक्यात व्याकरणाची चूक असेल तर ती मला जास्तच ऐकू येते. मी मिटल्या डोळ्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. तिसरीला ती पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथून तिची आई आली आणि मला गच्चीचा रस्ता दाखवला.

गच्चीवर वरच्या मजल्यावरचे काका फेऱ्या मारतात. ते बँकेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना रक्तदाब मोजायचं यंत्र भेट मिळालं, आणि तेव्हापासून इमारतीतला एकही दंड त्यांनी मोजायचा सोडलेला नाही. म्हणून त्यांना सगळे प्रेशरकाका म्हणतात. टाकीच्या कठड्यावर मी मान खाली घालून बसलेला पाहून ते धावत आले. मी आमेन म्हणेपर्यंत माझ्या दंडाला पट्टा आवळला गेला होता.

"वाढलंय," ते म्हणाले.

"तुम्ही आल्यावर वाढलं असेल."

"घाम येतो? बेचैन वाटतं? एका जागी बसवत नाही?"

तिन्हीला हो म्हणावं लागलं. मग मी त्यांना सांगितलं की मला फक्त एक शांत, बंद जागा हवी आहे. त्यावर त्यांनी आजवरचा एकमेव उपयोगी सल्ला दिला. "बाल्कनी बंद करून घ्या. एक पार्टिशन, एक दार. पण आधी चिटणिसांची परवानगी काढा. माझं चपलांचं कपाट त्यांनी दोनदा काढायला लावलं."

आमच्या इमारतीच्या समितीचे चिटणीस तळमजल्यावर मीटरच्या खोलीशेजारी बसतात. जिन्यात कुंडी ठेवायची तरी ते नकाशा मागतात. माझा अर्ज त्यांनी हातात घेतला, वाचला नाही, आणि परत केला.

"बाल्कनी बंद करता येत नाही. नियम."

"कारण तर ऐका."

"कारण प्रत्येकाकडे असतं."

"मी वडील होणार आहे," मी म्हणालो.

शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला पुढच्या संभाषणात काहीच खटकलं कसं नाही, हा प्रश्न मला नंतर बऱ्याच जणांनी विचारला. मी घडलं तसं देतो.

चिटणिसांनी चष्मा काढला. "काय म्हणालात?"

"वडील होणार आहे. त्यामुळे मला रोज सकाळी बंद जागा लागणार. आहे त्या घरात ते शक्य नाही, एकदा येऊन बघा."

"कधी?"

"महिनाअखेरच्या रविवारी."

"तारीखसुद्धा मिळाली?"

"पाळकसाहेबांनी दिली."

"हल्ली तारीख ठरवूनच करतात," ते म्हणाले. "माझ्या सुनेचंही तसंच केलं."

त्यांच्या सुनेला कुठल्याशा संस्थेत पद मिळालं असावं असं समजून मी अभिनंदन केलं. त्यांनी ते स्वीकारलं.

"अचानकच म्हणायचं?"

"अगदी. माझ्या ध्यानीमनीही नव्हतं."

"आणि मंडळी काय म्हणतात?"

"मंडळीची हरकत नाही. आनंदाने तयार आहेत."

"नाही, पण या वयात. झेपेल ना?"

"न झेपायला काय झालं? माझ्यापेक्षा उशिरा झालेले आहेत. आमच्यातले एक तर सत्तरीत झाले."

"सत्तरीत?"

"आणि लग्न केलेलं नाही त्यांनी."

चिटणीस उभे राहिले. टेबलाला वळसा घालून आले आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तुमच्यातले नियम वेगळे असतील. मी कोण बोलणार?" परवानगीचं पत्र त्याच संध्याकाळी घरी आलं. आमच्या इमारतीच्या इतिहासात असं घडलेलं नाही. देवाचं काम काढलं की वाटा कशा मोकळ्या होतात, यावर मी बायकोला थोडं ऐकवलंसुद्धा.

पत्राच्या मागच्या बाजूला अटी होत्या. पार्टिशनचे कोपरे गोल करावेत. कठड्याला वरपर्यंत जाळी बसवावी. दाराला आतून कडी लावू नये. पहिल्या दोन अटी मी सहन केल्या. तिसरीवर मात्र खाली जाऊन हरकत घेतली, कारण कडी नसेल तर ती बाल्कनी नसून रहदारीचा रस्ता होता.

"आतून कडी लागली आणि उघडता आली नाही तर?" चिटणीस म्हणाले. "रडू रडू होईल नुसतं."

"रडू आलं तर येऊ दे. ती माझ्या आणि त्याच्यामधली गोष्ट आहे."

"त्याच्यामधली," चिटणीस पुटपुटले. त्यांचे डोळे भरून आल्यासारखे दिसले. "म्हणजे 'तो' आहे तर. पण कडी नाही."

सुताराने पार्टिशन घातलं. सकाळची शांतता मिळावी म्हणून चाललेलं ते काम तो सकाळीच करायचा, कारण दुपारी त्याला दुसरीकडे जायचं असे. दार लागलं, पण कडी नसल्याने वारा आला की उघडायचं आणि वारा नसला की प्रेशरकाका उघडायचे. मी आत खुर्ची टाकून बसायचो. डोळे मिटायचो, उघडायचो, दार लोटायचो, पुन्हा मिटायचो. सासूबाई तिथे कपडे वाळत घालायच्या. "तुमचं चालू द्या," म्हणत माझ्या खांद्यावर टॉवेल ठेवायच्या. रविवार जवळ येत होता आणि माझ्या खात्यात सलग आमेन एकही जमा नव्हतं.

अशात एका संध्याकाळी बायको घरी आली ती रिकाम्या हातांनी. तिची पिशवी मागून चिटणिसांच्या सूनबाई घेऊन येत होत्या. पिशवी ठेवून, बायकोला हळूच खुर्चीवर बसवून, माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकून त्या गेल्या.

"लिफ्टमध्ये माझ्यासाठी स्टूल ठेवलंय," बायको म्हणाली. "तळमजल्यावरच्या बाईंनी मला लोणी कमी खायला सांगितलं. आणि कोणीतरी विचारलं, लेकीला कळलंय का, तिला कसं वाटतंय."

"काय कसं वाटतंय?"

"तेच मी विचारतेय. तुम्ही चिटणिसांना काय सांगितलंत? शब्दशः सांगा."

मी शब्दशः सांगितलं. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, त्यामुळे सत्तरीतल्या अविवाहित गृहस्थांचाही उल्लेख आला. बोलता बोलता मलाच माझा आवाज हळू होताना ऐकू आला. बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी परत घासायला लागली. मुलगी दारात उभी होती.

"म्हणून माझी मैत्रीण मला अभिनंदन म्हणाली," ती म्हणाली. "मला वाटलं परीक्षेचा फॉर्म भरला म्हणून."

चुकीची बातमी गेली की काय करायचं हे आम्हां पत्रकारांना कोणी शिकवायला नको. दुसऱ्या दिवशी ठळक जागी खुलासा द्यायचा, थोडक्यात, संदिग्धता न ठेवता. मी स्वच्छ अक्षरांत मजकूर तयार केला आणि सकाळी कामावर जाताना तळमजल्यावरच्या सूचनाफलकावर लावला:

'खुलासा. माझ्या पत्नीविषयी इमारतीत पसरलेल्या बातमीत तथ्य नाही. वडील मी होणार आहे. त्याच्याशी माझ्या पत्नीचा काहीही संबंध नाही. कृपया गैरसमज नसावा.'

मजकूर मी तीनदा वाचला होता. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

संध्याकाळी परतलो तेव्हा जिन्यात बोलणारी माणसं मला बघून गप्प झाली. लिफ्टमधलं स्टूल काढलेलं होतं. घरात प्रेशरकाका बसले होते, यंत्र न घेता. त्यांना यंत्राशिवाय मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"चूक माणसाकडूनच होते," ते मृदू आवाजात म्हणाले. "पण ती फलकावर लावायची नसते हो. कोण आहे ती?"

"कोणी नाही."

"मी बँकेत होतो. माझ्या पोटात गोष्टी राहतात."

ते गेल्यावर सासूबाई आल्या. त्यांना खुलासा शेजारणीने कानात ओरडून वाचून दाखवला होता. "मी माझ्या लेकीकडेच राहणार," त्या मला म्हणाल्या. "तुम्हांला जायचं तर जा. टॉवेल ठेवून जा."

माझी बाजू घेणारा माणूस एकच निघाला, तो म्हणजे चिटणीस. ते म्हणे सगळ्यांना सांगत होते, लोकांनी वाईट अर्थ का काढावा? दत्तक घेत असतील. पाळकसाहेबांनी तारीख दिली, मंडळीने होकार दिला, पत्नीचा संबंध नाही, सगळं जुळतंय. मुलगा आहे, हेही त्यांना माझ्याच तोंडून कळलंय.

"मी दुसरा खुलासा लिहितो," मी बायकोला म्हणालो.

"लिहिलात तर मी खरंच आईला घेऊन जाईन," ती म्हणाली. "तुम्ही बोललात की वाढतं, लिहिलंत की फुटतं. काही सांगू नका. दाखवा. रविवारी चिटणिसांना आणि काकांना उपासनेला बोलवा. तुम्हांला पुढे बोलावतील, डोक्यावर हात ठेवतील, वडील म्हणून नाव पुकारतील. पाहतील आपल्या डोळ्यांनी, आणि इथे येऊन सांगतील."

यात खोट नव्हती. फक्त एक गोष्ट होती. ती तिलाही ठाऊक होती आणि आम्ही दोघंही ती बोललो नाही. डोक्यावर हात पडायचे तर त्याआधी 'हो' म्हणावं लागणार होतं. आता नुसती माझी मान ताठ राहण्याचा प्रश्न नव्हता. नाही म्हटलं तर तिने इमारतीत तोंड कसं दाखवायचं, असा होता.

रविवारपर्यंतच्या उरलेल्या सगळ्या सकाळी मी जिवाच्या आकांताने बसलो. पाठीने दार दाबून धरून बसलो. बसलो आणि त्या वेळात देवाला चिटणिसांची केस समजावून सांगितली, काकांची सांगितली, रविवारी काय बोलावं याचे चार मसुदे ऐकवले, त्यातले दोन तिथल्या तिथे सुधारले. मी बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "झालं का?" मी म्हणालो, "बैठक झाली. पलीकडच्याला बोलू दिलं नाही."

रविवारी चर्च भरलं होतं. पहिल्या बाकावर बायको, मुलगी, सासूबाई. शेवटच्या बाकावर चिटणीस इस्त्रीच्या सदऱ्यात, शेजारी प्रेशरकाका. गीत झालं, उपदेश झाला, आणि पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. माझ्यामागे चार जुने वडील अर्धवर्तुळात उभे राहिले.

"रोज देवासाठी वेगळा वेळ काढता का?" पाळकसाहेबांनी विचारलं, आणि उत्तर माहीत असल्यामुळे हात माझ्या डोक्याकडे न्यायला सुरुवातही केली.

मी बायकोकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती डोळ्यांनी काहीतरी खूण करेल. तिने काही केलं नाही. ती नुसती बघत होती, आणि मला अचानक कळलं की हो म्हटलं तर ती एक शब्द बोलणार नाही, कधीच बोलणार नाही. त्याचीच मला भीती वाटली.

"नाही," मी म्हणालो.

पाळकसाहेबांचा हात हवेत राहिला. "काय?"

"नाही काढत. प्रयत्न केला. जमलं नाही अजून."

पाळकसाहेबांनी हातातला कागद पाहिला. त्यात या उत्तरापुढे काही छापलेलं नव्हतं. मागचे चार वडील अनुक्रमे छताकडे, खिडकीकडे, घड्याळाकडे आणि बुटांकडे बघत होते.

"काय म्हणाले?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना वाटतं त्या कुजबुजतात.

"नाही म्हणाले," बायकोने त्यांच्या कानात सांगितलं.

"मग बरं झालं. त्या बाईला नाही म्हणाले ना?"

पाळकसाहेबांनी घाईने पुढचं गीत सांगितलं आणि मला जागेवर जायची खूण केली. वळताना अविवाहित वडील माझ्या कानाशी आले. "मला विचारलं होतं तेव्हा," ते म्हणाले, "मी नुसता खोकलो होतो. त्यांनी हो धरलं."

बाकावर बसलो. बायकोने सरकून जागा दिली. तिचा हात माझ्या हातावर आला आणि गीत संपेपर्यंत तिथेच राहिला. गात मात्र ती खणखणीत होती.

चहा ठरल्याप्रमाणे झाला. बाहेर अंगणात प्रेशरकाका दोघातिघांचे दंड चाचपत होते. चिटणीस कप न घेताच माझ्याकडे आले. त्यांनी शेवटच्या बाकावरून पाहिलं होतं ते एवढंच, की मला पुढे बोलावलं, वेळ काढता का असं विचारलं, मी नाही म्हणालो, आणि मला रिकाम्या हाताने परत पाठवलं.

"म्हणजे नाही झालात वडील?"

"नाही झालो."

"वेळ नाही म्हणालात, म्हणून नाकारलं?"

"हो. तसंच."

त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाले, "राग मानू नका, पण त्यांचं बरोबर आहे. नुसतं वडील होऊन काय करायचं? मीही नोकरीत असताना घरी यायचो, जेवायचो, झोपायचो. आधी वेळ काढा. थोडा काढा, पण रोज. आपण समोर बसून दुसरीकडे असलो ना, की त्याला कळतं. बोलत नाही तो. वाट बघत बसतो."

मी दुरुस्ती सांगायला तोंड उघडलं.

बायकोने कोपराने ढोसलं. "राहू द्या," ती म्हणाली. "तसंच जाऊ द्या छापायला."